औषध आईला, उतार बाळाला

सातव्या महिन्यात बाळाचे हृदय मिनिटाला २४० ठोक्यांच्या वेगाने पळू लागले, तरी आईला त्याचा पत्ता नसतो. तिला धाप लागत नाही, कळ येत नाही. तिची स्वतःची नाडी ऐंशीच्या आसपास नेहमीसारखी चालू असते. फार तर बाळ हलायचे कमी झाल्यासारखे वाटते, आणि दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला तेवढ्याकडे लक्ष द्यायला उसंत कुठली? हा आजार ऐकू येतो, पण त्यासाठी दुसऱ्या कुणाचा तरी कान पोटाला लागावा लागतो. म्हणूनच त्याच्या उपचाराची गोष्ट कानापासून सुरू होते. औषध तीत फार उशिरा, दीडशे वर्षांनी येते.

१८१८ साली जिनिव्हातील शल्यचिकित्सक फ्रांस्वा-इझाक मायोर यांनी सांगितले की दिवस भरत आलेल्या बाईच्या पोटाला कान लावला तर बाळ जिवंत आहे की नाही ते कळते, कारण त्याचे ठोके आईच्या नाडीपेक्षा वेगळे पडतात. त्यांच्या म्हणण्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये केरगारादेक नावाचा डॉक्टर लेनेकची नवी नळी, म्हणजे पहिला स्टेथोस्कोप, एका गरोदर बाईच्या पोटाला लावून बसला होता. बाळ हलले की गर्भजल डुचमळण्याचा आवाज येतो का, एवढेच त्याला ऐकायचे होते. कानावर आली टिकटिक. आधी त्याला वाटले, जवळ कुठेतरी घड्याळ ठेवले आहे. डिसेंबर १८२१ मध्ये त्याने हे पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडले आणि त्यासोबत एक प्रश्न विचारला: या ठोक्यांचा जोर आणि वेग बदलला, तर त्यावरून पोटातल्या बाळाची तब्येत सांगता येईल का? माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण हाच. बाळ जन्माला येण्याआधीही आजारी पडू शकते आणि त्याचा आजार ओळखता येईल, हा विचार त्या एका प्रश्नात पहिल्यांदा नीट मांडला गेला.

नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रात गरोदर बाईची तपासणी चालते तेव्हा तिथेही हाच प्रश्न विचारला जात असतो. वजन, रक्तदाब, रक्त, लघवी झाली की सिस्टर तिला टेबलावर घेते. ‘पाय जरा दुमड, ताई,’ म्हणते. दोन्ही तळव्यांनी पोट चाचपून बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे ते शोधते, कारण ठोके पाठीकडून स्वच्छ येतात. तिथे फिटोस्कोपचे कर्ण्यासारखे तोंड टेकवते, दुसऱ्या टोकाला कान लावते आणि नळीवरचा हात काढून घेते, कारण बोटांची घसट ठोक्यांत मिसळते. मोकळ्या हाताने आईचे मनगट धरते. कानातला ठोका आणि बोटाखालचा ठोका बरोबरीने पडत असतील, तर ऐकू येते ते आईचेच. वेगळे असतील तर घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचे. ११० ते १६० मध्ये आकडा आला की तो कार्डावर चढवायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे सोपे असते, पण त्यात मध्येच ठोका चुकवणारे हृदय निसटून जाते. आणि वेग २०० च्या वर गेला की मोजणेच जमत नाही, नुसती फडफड ऐकू येते. ‘मोजता येत नाही’ हीच त्या वेळी सर्वांत महत्त्वाची नोंद असते. यात नवल नाही, मोठ्या रुग्णालयातल्या जुन्या यंत्रांनाही अतिवेग नीट पकडता येत नसे. काही वेळा ती २४० चे निम्मे करून १२० दाखवत आणि सगळे ठीक आहे असे वाटे.

ठोका चुकला म्हणजे बाळ धोक्यात, असे मात्र नाही, आणि ही गोष्ट घाबरलेल्या आईला सर्वांत आधी सांगायला हवी. पोटातल्या बाळांमध्ये आढळणारी अनियमितता बहुतेक वेळा कर्णिकेतून, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातून, वेळेआधी पडणाऱ्या सुट्या ठोक्यांची असते. त्याला औषध लागत नाही. अधूनमधून ठोके ऐकत राहायचे, कारण त्यातल्या थोड्या बाळांत पुढे अतिवेग सुरू होतो. खरी काळजी दोन टोकांची. एक म्हणजे वेग २०० च्या पुढे जाऊन तिथेच राहणे, दुसरे म्हणजे तो ६० च्या खाली घसरणे.

अतिवेगात काय होते ते समजून घेतले की पुढची सगळी धडपड समजते. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय भरते. मिनिटाला २४० ठोके म्हणजे एका ठोक्याला पाव सेकंद. त्यात भरायला वेळच उरत नाही. मग मागे शिरांत रक्त तुंबते, पाणी झिरपून पोटात, छातीत, कातडीखाली साठते. बाळ सुजते, वारही सुजते. डॉक्टर याला हायड्रॉप्स म्हणतात. वर्षानुवर्षे अशी बाळे सुजलेली, मेलेली जन्मत, आणि कारण हृदयाच्या तालात होते हे कुणाला कळतही नसे. ठोके वेडेवाकडे ऐकू आले तर बाळ गुदमरते आहे असे समजून घाईने सिझेरियन होई. हाती येई ते अपुऱ्या दिवसांचे, सुजलेले आणि शिवाय हृदय बिघडलेले बाळ. त्याला वाचवणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते.

बाळापर्यंत औषध पोहोचवायचे कसे, हा विचार सुचायला आधी बाळ दिसावे लागले. ग्लासगोच्या इयन डोनल्डने धातूतले तडे शोधणाऱ्या कारखानी यंत्राची विद्या पोटावर आजमावली आणि १९५८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापले. सोनोग्राफी तिथून सुरू झाली. १९६४ पर्यंत डॉप्लरने बाळाचे ठोके खोलीभर ऐकवता येऊ लागले. याच सुमाराला पोटातल्या बाळासाठी काही करता येते, हा विश्वासही रुजत होता. त्यात एक नाव आपल्या माणसाचे आहे. मुंबईतल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी १९५५ साली गर्भाशयाच्या तोंडाला घालायचा टाका प्रसिद्ध केला. ज्या बायकांचे गर्भ दिवस भरण्याआधी पुन्हा पुन्हा पडत, त्यांची मुले त्या टाक्याने पोटात टिकू लागली. आजही जगभर तो शिरोडकरांच्याच नावाने ओळखला जातो. १९६३ साली न्यूझीलंडमध्ये विल्यम लायली यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले: आईच्या पोटातून सुई घालून, रक्तगटाच्या भांडणाने पंडुरोगी झालेल्या बाळाला त्यांनी रक्त दिले.

शिरोडकरांनी आईवर उपचार करून बाळ राखले, लायलींनी आईला ओलांडून बाळालाच गाठले. हृदयाच्या तालासाठी डॉक्टरांनी जो रस्ता घेतला, तो शिरोडकरांच्या बाजूचा म्हणावा लागेल. आईचे रक्त आणि बाळाचे रक्त वारेत एकमेकांजवळून वाहतात, मिसळत नाहीत, पण पुष्कळ औषधे मधल्या पडद्यातून पलीकडे जातात. तोवर याकडे धोका म्हणूनच पाहिले जाई; थॅलिडोमाइडने हजारो मुले अपंग झाल्याची आठवण १९७० च्या दशकात ताजी होती. त्याच पडद्याचा मुद्दाम उपयोग करायचा, आईला औषध द्यायचे ते तिच्यासाठी नाहीच, ही कल्पना धाडसी होती. १९७५ साली इस्रायलमधील डॉक्टरांनी बाळंतपणाच्या वेळी आईला प्रोप्रानोलॉल देऊन बाळाच्या हृदयाचा बिघडलेला ताल आवरल्याचे लिहिले.

मग आले १९८० साल. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील थॉमस केरेन्यी आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये सांगितले की आईला डिजिटॅलिस दिल्यावर पोटातल्या बाळाच्या हृदयाचा अतिवेग थांबून ताल पूर्ववत झाला. पुढच्या वर्षी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये अतिवेगाने हृदय थकून सुजलेले बाळ अशाच मार्गाने सावरल्याची हकीकत आली. डिजिटॅलिस हे काही नवे औषध नव्हते. विल्यम विदरिंगने १७८५ साली फॉक्सग्लव्ह या फुलझाडाच्या पानांचा सूज उतरवण्यासाठी कसा उपयोग होतो, यावर पुस्तक लिहिले होते. त्याच कुळातल्या झाडापासून १९३० साली डिगॉक्सिन वेगळे काढले गेले. म्हाताऱ्यांच्या थकल्या हृदयासाठी शतकानुशतके दिलेले औषध जन्मही न झालेल्या हृदयाला लागू पडले.

पण कुठल्या बाळाला द्यायचे ते ठरवायला नुसता वेग पुरेसा नव्हता. या टप्प्यावर अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले चार्ल्स क्लाइनमन आणि लंडनच्या गाइज रुग्णालयातल्या लिंडसे अ‍ॅलन यांचे काम आले. दोघांनीही १९८० च्या सुमारास पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको शास्त्रशुद्ध पायावर उभा केला. पोटातल्या बाळाचा ईसीजी सहजी काढता येत नाही. मग त्यांनी सोनोग्राफीची एकच रेघ अशी धरली की ती वरच्या कप्प्यातून, कर्णिकेतून, आणि खालच्या कप्प्यातून, जवनिकेतून, एकदम जावी. पडद्यावर दोन लाटा एकाखाली एक सरकू लागतात. वरच्या प्रत्येक लाटेमागे खाली एक लाट येत असेल आणि दोन्ही अतिवेगाने, तर एक प्रकारचा बिघाड. वर ४०० आणि खाली २००, म्हणजे दोनांतली एकच लाट खाली उतरते, तर दुसरा. वर १४० आणि खाली ५५, आणि दोघांचा एकमेकांशी काही मेळ नाही, तर वरून खाली निरोप नेणारी तारच तुटली आहे. त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. छातीवर एकही तार न चिकटवता तालाचे निदान झाले.

डिगॉक्सिनने न सुजलेली बाळे सुधारू लागली. सुजलेल्यांत मात्र ते कमी पडे, कारण वारच सुजली की औषध पलीकडे नीट जात नाही. लिंडसे अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये फ्लेकेनाइडचा अनुभव छापला: हृदय निकामी होऊ लागलेल्या १४ बाळांपैकी १२ जणांचा ताल पूर्ववत झाला. या आकड्यामागची हिंमत कळण्यासाठी दोन वर्षे मागे जायला हवे. १९८९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत हेच औषध घेणारे, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले रुग्ण औषध न घेणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने मरताहेत असे दिसले आणि चाचणीतला तो भाग तातडीने थांबवावा लागला. जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ त्या गोळीपासून दूर होत असताना ती निरोगी गरोदर बाईला देणे सोपे नव्हते. फरक हृदयात होता. झटक्याने व्रण पडलेले हृदय आणि बाळाचे कोवळे, अखंड हृदय त्या औषधाला सारखा प्रतिसाद देत नाहीत. आज फ्लेकेनाइड, सोटॅलॉल आणि डिगॉक्सिन ही तिन्ही औषधे या उपचाराचा कणा आहेत.

हार्ट ब्लॉकची कथा इतकी सुखाची नाही. १९७७ च्या सुमारास डॉक्टरांच्या लक्षात आले की असे बाळ झालेल्या बऱ्याच आयांना ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) किंवा तत्सम आजार आहे. १९८३ पर्यंत गुन्हेगार सापडला: आईच्या रक्तातली अँटी-रो नावाची प्रतिपिंडे. ती वारेतून बाळात जातात आणि साधारण १८ ते २४ आठवड्यांच्या काळात हृदयातल्या निरोपवाहक तंतूंना इजा करतात. पुष्कळ आयांना स्वतःला कसलाही त्रास नसतो. बाळाचे ठोके ५५ झाले म्हणून रक्त तपासले, तेव्हाच त्यांना आपल्या आजाराचे कळते. ज्या वारेने औषध जाते, तिनेच हेही जाते. तार एकदा पूर्ण तुटली की ती जोडणारे औषध नाही. १९८६ साली अमेरिकेत पोटातल्याच बाळाच्या हृदयाला तार लावून पेसमेकरने ते चालवण्याचा प्रयत्न झाला. हृदयाने विजेला साथ दिली, पण बाळ वाचले नाही.

म्हणून इथे लक्ष वळले ते तार तुटू नये याकडे. अशी प्रतिपिंडे असलेल्या आईच्या पहिल्या बाळाला हा धोका १०० मागे एक-दोन इतकाच असतो, पण एका बाळाला झाला की पुढच्या खेपेला तो १०० मागे १८ पर्यंत चढतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात आधीच्या बाळाला ब्लॉक झालेल्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिले, तेव्हा ५४ पैकी ४ बाळांनाच ब्लॉक झाला, म्हणजे साडेसात टक्क्यांच्याही खाली. ही गोळी मलेरियाच्या क्लोरोक्विनची सख्खी बहीण. हिवतापाशी पिढ्यान्‌पिढ्या झगडलेल्या सह्याद्रीच्या सुरगाणा पट्ट्यात क्लोरोक्विनची कडू चव कुणाला सांगावी लागत नाही. स्वस्त आणि जुनी अशी ही गोळी बाळाच्या हृदयाची तार राखू शकते.

आता सुरगाण्याकडे. नाशिकहून दिंडोरी, वणी करत घाटरस्त्याने साधारण ९० किलोमीटर. १९४८ पर्यंत हे लहानसे संस्थान होते. कोकणा, महादेव कोळी, वारली लोकांची वस्ती, मुसळधार पाऊस, आणि नार-पारचे पाणी उतरते ते पश्चिमेला, गुजरातेत. २०२२ च्या डिसेंबरात सीमेवरच्या काही गावांनी आम्हालाही गुजरातेत घ्या अशी मागणी केली, तेव्हा तक्रारींत रस्ते आणि पाण्याच्या जोडीला दवाखानाही होता. भात कापून झाले की अनेक घरे कुलूप लावून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातात. त्यात गरोदर बायकाही असतात. एका उपकेंद्राच्या कार्डावर सुरू झालेली तपासणी मग दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या सिस्टरकडे पुरी व्हायची असते, आणि ती होतेच असे नाही. अठरा ते चोवीस आठवड्यांचे ते नाजूक दिवस कित्येकींचे बागेतच जातात.

सोनोग्राफीचा आपल्याकडचा इतिहासही इथे आड येतो. जे यंत्र परदेशात बाळाचे हृदय बघायला शिकत होते, त्याच्याच जोरावर आपल्याकडे मुली पोटात मारल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला, १९९४ साली केंद्राचा आला. कायदा हवाच होता. त्यासाठी झगडलेल्या बायकांचे आणि कार्यकर्त्यांचे ऋण मोठे आहे. पण यंत्र नोंदवलेल्या जागेबाहेर हलवण्यावर कडक निर्बंध आल्याने ते डोंगरात न्यायचे झाले तर ते सोपे उरले नाही. मुलींच्या जिवावर उठलेल्यांनी जी किंमत वसूल केली, तिचा एक हिस्सा दुर्गम भागातल्या गरोदर बाईच्या माथी आला. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, २०१४ पासून १०८ ची गाडी आहे. पण बाळाच्या हृदयाचा इको करून तालाचा प्रकार सांगणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांत बसतात.

समजा निदान झाले. पुढे काय असते? आईला दाखल करून घ्यावे लागते. औषध सुरू करण्याआधी तिचा ईसीजी, रक्तातले पोटॅशियम, मूत्रपिंडाची तपासणी. गरोदरपणात मूत्रपिंडे डिगॉक्सिन झपाट्याने बाहेर टाकतात, म्हणून मात्रा वरची द्यावी लागते आणि रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा बघावी लागते. ताल कधी दोन दिवसांत ठिकाणावर येतो, कधी दोन आठवडे लागतात. औषध मग बहुधा बाळंतपणापर्यंत चालते. जपानमधल्या १५ रुग्णालयांनी मिळून केलेल्या, २०१९ साली छापलेल्या चाचणीत ठरावीक पद्धतीने ही औषधे दिलेल्या ४९ पैकी ४४ बाळांचा अतिवेग थांबला. हे मोठे यश आहे. त्याच चाचणीत ५० पैकी ३९ आयांना औषधाचा काही ना काही त्रास झाला, बहुतेकींना सौम्य. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच मोठ्याने सांगितला पाहिजे. मळमळ, चक्कर, मंदावलेली नाडी हे सगळे सोसते ती बाई आजारी नसते. सुरगाण्याच्या बाईला त्यात रोजगार बुडणे, घरी ठेवलेले लहान मूल आणि शहरात सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्चही सोसावा लागतो. उपचाराच्या खर्चात हे धरले नाही, तर चौथ्या दिवशी ती गाठोडे बांधून निघाली म्हणून तिला अडाणी ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

हार्ट ब्लॉकच्या बाबतीत काळ त्याहून कठोर असतो. ताल व्यवस्थित असल्यापासून तार पूर्ण तुटेपर्यंत कधी एक दिवसही जात नाही. आठवड्यातून एकदा केलेला इको त्यामुळे उशिराचा ठरतो. अमेरिकेत जिल बायॉन आणि बेट्टीना क्यूनिओ यांनी यावर साधा मार्ग काढला. धोक्याच्या आठवड्यांत आईच्या हाती छोटा डॉप्लर द्यायचा, नीट ऐकायला शिकवायचे, आणि दिवसातून तीनदा तिनेच आपल्या बाळाचे ठोके ऐकायचे. वेग घसरला किंवा ताल चुकला की लगेच फोन, काही तासांत इको, गरज असेल तर तिथल्या तिथे औषध. वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या आया हे नीट करू शकतात, असे या अभ्यासांत दिसले. आशाताई आणि सिस्टर यांच्या हाती डॉप्लर देणे आपल्याकडे अवघड नाही, आणि आईला ऐकायला शिकवणे तर त्याहून सोपे. अवघड आहे तो त्या फोननंतरचा घाटरस्ता, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला त्या दिवशी, त्या तासाला इको करणारा माणूस हजर असणे.